सूर्यभानभावजींचा भरला तांब्या

शके अठराशे पंचाण्णव, चैत्र वद्य पंचमी. माझ्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ आहे : ‘विजूची वार खाली आहे. नाथा, सांभाळ.’ पुढची तीन पानं कोरी. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावला की चार ओळी लिहायच्या, हा माझा लग्नाआधीपासूनचा नेम. त्या तीन दिवसांत मात्र लेखणी हातात धरवली नाही. आता दोन महिने होऊन गेले आहेत, म्हणून ती कोरी पानं भरायला बसले आहे. त्यांत नाव येणार आहे ते आमच्या सूर्यभानभावजींचं. ह्यांचे ते लहानपणापासूनचे सोबती, म्हणून मी भावजी म्हणते. नात्यानं आमचे कोणी लागत नाहीत.

राहुरीपासून आमची वाडी सहा मैल आत. दुष्काळाचं दुसरं वर्ष. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंतचा रस्ता सरकारी कामावर काढलेला, म्हणजे जुना होता तोही उखडून टाकलेला आणि वर हातोड्यानं फोडलेली खडी पसरलेली. दाबायला रूळ काही अजून आला नव्हता. त्या खडीवरून चालताना धडधाकट माणसाचा घोटा मुरगळायचा.

सूर्यभानभावजींची टपरी वाडीच्या तोंडाशी आहे. चार बल्ल्या, वर ताडपत्री, खाली मोटारीच्या पोटात शिरायला खणलेला खड्डा. मोटारीचं सगळं काम त्यांना येतं, पण नाव झालं ते कमानपाट्यांवरून. मोटार ज्या लोखंडी पट्ट्यांवर बसलेली असते त्या पाट्यांचं काम करावं तर सूर्यभाननंच, असं कोपरगावपर्यंतचे लोक म्हणतात. त्यांची स्वतःची एक जुनी फोर्ड आहे, लढाई संपल्यावर नगरच्या छावणीतून लिलावात निघालेली. लग्नाचं वऱ्हाड, आजारी माणूस, मढीच्या नाथाची जत्रा, सगळं तीच ओढते. हळू मात्र इतकी की पोरं मागं पळत ओरडतात, ‘मोटार आली का बैल आला?’ त्यांची बायको लंकाबाई तर आल्यागेल्याला सांगते, “घाई आसंल तर चालत जा बाई. आमच्या ह्यांच्या मोटारीत बसायचं आसंल तर शिदोरी बांधून घे.” भावजी हसतात, पण चाल वाढवत नाहीत.

ते का, हे मला ह्यांच्याकडून कळलं. लढाईच्या दिवसांत एकोणीस वर्षांचे भावजी छावणीत दवाखान्याची मोटार हाकत. स्टेशनावर जखमी शिपाई उतरायचे, त्यांना दवाखान्यात पोचवायचं. ती मोटार म्हणजे मालमोटारीचेच टणक पाटे आणि वर पेटी. एकदा मांडीचं हाड मोडलेला एक शिपाई होता. भावजींनी लवकर पोचवायचं म्हणून दामटली. पोचल्यावर मागचं दार उघडलं, तर शिपायानं स्वतःचं मनगट चावून फोडलेलं. त्यानं फक्त भावजींकडं बघितलं. ती नजर अजून पाठीवर आहे, असं ते ह्यांना एकदाच म्हणाले होते.

तर ती पंचमी. आमची विजयमाला पहिलटकरीण, सातवा सरत आलेला. बाळंतपणाला माहेरी आणली होती. जावई कोपरगावच्या कारखान्यात कामाला. सकाळी तिच्या लुगड्यावर रक्ताचा डाग दिसला, थोडं रक्त गेलं आणि थांबलं. देवाची दया म्हणून त्याच दिवशी रस्त्याच्या कामावरल्या बायकांना टोचायला राहुरीच्या डॉक्टरीणबाई सरकारी जीपमधून आल्या होत्या. हे पळत गेले आणि त्यांना घरी घेऊन आले. त्यांनी विजूला तपासलं, हात धुतले, मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. वार खाली आहे, मुलाच्या वाटेवर. कळा सुरू झाल्या तर मूल जाईल आणि आईही जाईल. तीन दिवस अजिबात उठू देऊ नका, रक्त पुन्हा दिसलं नाही तर चौथ्या दिवशी नगरच्या मोठ्या दवाखान्यात न्या, तिथं पोटावाटे सोडवतील. पण वाटेत धक्का बसता कामा नये.

मी विचारलं, “बसला तर?”

त्या म्हणाल्या, “रक्त सुटेल. आणि वाटेत सुटलं तर थांबवणारं कोणी नाही.”

मी चुलीजवळ बसले ती उठलेच नाही. आमच्या घरात हे नवं नव्हतं. माझी धाकटी जाऊ चांगुणा, तीही अशीच पोटुशी, बारा वर्षांपूर्वी तिला बाजेवर घालून चौघांनी खांद्यावर नेली होती. नाल्यात एका खांदेकऱ्याचा पाय निसटला. बाज काही पडली नाही, नुसती हिसकली. सडक येईपर्यंत बाजेखाली रक्ताची धार लागली होती, आणि चांगुणा गेली. त्या दिवसापासून आमच्याकडं बाजेचं नाव कोणी काढत नाही. डॉक्टरीणबाई जीप देते म्हणाल्या होत्या, पण त्याच जीपमधून येताना त्यांचं स्वतःचं डोकं टपाला दोनदा आपटलं होतं.

मी देवापुढं जाऊन वहाणा सोडल्या. नाथा, माझी लेक आणि तिचं लेकरू हातीपायी धड घरी येईपर्यंत पायात वहाण घालणार नाही. दुसरं काय होतं माझ्या हातात?

हे सूर्यभानभावजींकडं गेले. भावजी आले, ओसरीवर बसले, पाणी प्याले. मग म्हणाले, “माझ्या फोर्डात न्हाई न्यायची.”

मला वाटलं, भीतीनं नाही म्हणताहेत. तसं नव्हतं. त्यांनी काडी घेऊन मातीत रेघा ओढल्या आणि मला समजेल असं सांगितलं. त्यांच्या फोर्डाला पुढं एक आडवी कमान, मागं एक आडवी कमान, एकावर एक लोखंडी पाटे, पोळीला पदर असतात तसे. अख्खी मोटार त्या दोन धनुष्यांवर. एका चाकाखाली दगड आला की सगळा आस कलतो आणि बसलेल्या माणसाच्या बरगड्यांपर्यंत हिसका जातो. चांगल्या सडकेवर चालते, या खडीवर नाही. काही मोटारींना पुढं गुंडाळी स्प्रिंग आणि मागं पाटे असतात. “म्हंजी पुढं राजा आन् मागं हमाल. आन् आपल्याला तर मागंच निजवायची हाय.” मग म्हणाले, चारी चाकांना चार गुंडाळ्या असलेली मोटार या सगळ्या भागात एकच आहे, आप्पासाहेबांची.

आप्पासाहेब म्हणजे आमच्या वाडीचे मोठे बागायतदार. त्यांची ती काळी लांबलचक ब्युइक. कुठल्याशा संस्थानातून मुंबईला आणि मुंबईहून इकडं आलेली. पोळ्याला तिलाही झूल घालतात असं लोक चेष्टेनं म्हणत. आप्पासाहेबांनी एका शब्दात मोटार दिली. हे तर रडायलाच लागले. आता सुटलो, गादीवरून जाईल पोरगी, असं सगळ्यांनाच वाटलं. भावजींना तेवढं वाटलं नाही.

षष्ठीला सकाळी ते माझ्याकडं आले. म्हणाले, “वहिनी, घरातला मोठ्यात मोठा तांब्या द्या. आन् एक परात. आन् तुमी चला.”

काय करायचं ते त्यांनी वाटेत सांगितलं. विजूला जिथं निजवायचं तिथं मी निजायचं. उशाशी परात, परातीत तांब्या, पाणी अगदी काठोकाठ. दोन्ही मोटारी त्याच खडीवरून, त्याच चालीनं, वाडीपासून नाल्यापर्यंत न्यायच्या. जे पाणी परातीत पडेल तो विजूच्या पोटाला बसणारा धक्का. मला आधी हे खुळं वाटलं. पण त्यांचा चेहरा पाहून त्यांच्यामागं गेले.

पहिल्यांदा फोर्ड. दर हातभर वाटेला टक्, टक्, टक्. पाणी उडायचं, थोडं थोडं, पण सारखं. मी पोटावर हात ठेवून डोळे मिटले आणि विजू होऊन पडून राहिले. नाल्यापर्यंत तांब्या निम्मा झाला.

मग ब्युइक. तिच्यात निजले आणि मला खरोखर वाटलं, ही मोटार नाहीच, होडी आहे. खडीचा आवाज खालून येत होता, पण अंगाला काही लागत नव्हतं. पाणी नुसतं शहारायचं. मी नाथाचं नाव घेतलं. आणि मग नाल्याच्या अलीकडचा उतार आला. मोटार खाली बसली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर, पुन्हा खाली. तिसऱ्या झोक्याला बुडाशी काहीतरी ठाणकन टेकलं आणि तांब्याच कलंडला. खाली उतरल्यावर मी रस्त्याच्या कडेला बसून राहिले. परातीत पाणी हलत होतं आणि मला त्यात चांगुणाच्या बाजेखालची धारच दिसत होती.

भावजी मोटारीखाली शिरले. बऱ्याच वेळानं बाहेर आले, हात काळे. त्यांनी सांगितलं त्यातलं मला इतकं कळलं : गुंडाळी मऊ असते, पण तिला थांबायचं कळत नाही. दाबली की झोके खात राहते. तो झोका अडवायला प्रत्येक चाकाजवळ एक जंपर असतो, तेलानं भरलेली डबी आणि आत हलणारा दट्ट्या. “ताक घुसळताना रवी कशी जड जाती? तसं त्ये तेल झोक्याला जड करतं.” आप्पासाहेबांच्या मोटारीच्या चारी डब्या कोरड्या होत्या. वर्षानुवर्षं ती मोटार वाड्यापासून कारखान्यापर्यंत आणि लग्नाच्या मांडवापर्यंत जायची, त्यामुळं कोणाला कळलंच नव्हतं.

तसलं तेल नगरलाही मिळेल की नाही, आणि आणायला दिवस कुठला. भावजी डोकं धरून बसले. मग एकदम माझ्याकडं बघून विचारलं, “एरंडेल हाय का घरात?”

होतं. विजूच्या बाळंतपणासाठीच मी दोन बाटल्या घरी काढून ठेवलं होतं. एरंडी भाजून, कुटून, उकळून. दिलं. मनात आलं, बाळंतिणीचं तेल लोखंडाच्या पोटात जातंय, हा शकुन चांगला की वाईट? कोणाला विचारायची सोय नव्हती. भावजींनी ते गरम केलं, ह्यांच्या जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलं आणि चारी डब्या भरल्या. तिसऱ्या प्रहरी पुन्हा मी निजले. त्या उतारावर मोटार खाली बसली, वर आली आणि थांबली. तांब्यातून बोटभर पाणी गेलं, जास्त नाही.

पण भावजींचं समाधान काही होईना. बोटभर तरी का जावं, असं त्यांचं म्हणणं. नाल्याच्या पलीकडचा एक मैल सगळ्यांत वाईट आहे, तिथं खडीखाली जुने खड्डे तसेच आहेत, ते सगळे मी पायानं बघून येतो, म्हणाले. सप्तमीला दुपारच्या उन्हात ते चुन्याची पिशवी घेऊन निघाले. चाक जिथं पडणार तिथला प्रत्येक खड्डा चाचपायचा आणि चुना टाकायचा. एक मूठ चुना म्हणजे चाल कमी, दोन मुठी म्हणजे चाक वळवून काढायचं. संध्याकाळी आले ते डोळे लाल, ओठ फुटलेले. म्हणाले, “तेवीस हायेत. पर आता मला दिसतील.”

इथं माझी चूक सांगायची आहे, आणि ती सांगायला हात जड होतो आहे.

त्याच सप्तमीला सकाळी राहीबाई माझ्याकडं आली होती. ती रस्त्याच्या कामावरल्या बायकांच्या टोळीची मुकादम. पाथर्डीकडची माणसं ती. एरवी ऊसतोडीला इकडं येणारी, या वर्षी खडी फोडायला आलेली. नाल्यापलीकडच्या मैलाच्या शेवटी त्यांच्या कोप्या होत्या, उसाच्या वाळल्या पाचटाच्या भिंती आणि पाचटाचंच छप्पर. मी दळण थांबवून तिच्यापुढं रडले. म्हटलं, बाई, तुमच्याच हातची ती खडी, तीच माझ्या लेकीच्या जिवावर उठली आहे. काही करून ती वाट जरा मऊ करता आली तर बघा. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाली, “रडू नको माय. आमच्या पोरी पाचटावरच बाळंत व्हत्यात. मी बघते.” ती काय करणार, हे मी विचारलं नाही. आणि भावजींना सांगितलं नाही. विसरले म्हणू, की त्यांना उगाच कशाला, असं वाटलं म्हणू. सांगितलं नाही, एवढं खरं.

अष्टमीला फटफटलं तेव्हा विजूला गोधडीसकट उचलून मोटारीत निजवलं. मी तिची ओटी भरली. आप्पासाहेबांच्या घरच्या रंगुबाई सोबत यायला निघाल्या होत्या, पण भावजींनी हात जोडून सांगितलं, माणूस वाढलं की गुंडाळी दबते आणि मोटार बुडाशी टेकते, तुम्ही नको. पुढं भावजी आणि हे, मागं विजू आणि तिच्या उशाशी परात-तांब्या धरून मी. तांब्या काठोकाठ भरलेला. विजूचा चेहरा पांढरा पडलेला. ती म्हणाली, “आई, माझ्याकडं बघू नको. तांब्याकडं बघ.” तेव्हा मला समजलं की माझ्या तोंडावरची भीती बघूनच ती जास्त भ्यायली होती. मी तांब्याकडं बघत राहिले.

नाल्यापर्यंत सगळं ठीक. उतारावर मोटार एकदाच खाली बसून उठली. पाणी काठाला टेकलं आणि परत फिरलं. नाला ओलांडून वर आलो आणि भावजींनी मोटार उभी केली. इतकी हळू उभी केली की आधी मला कळलंच नाही.

समोर सगळा रस्ता पिवळा झाला होता. जिथून चाकं जाणार तिथं दोन पट्टे, वीतभर जाड पाचट अंथरलेलं, नजर पोचेल तिथवर. चुन्याचा एक ठिपका दिसत नव्हता.

भावजी मागं वळले. एवढ्या वर्षांत मी त्यांना कधी भ्यालेलं बघितलं नव्हतं. “वहिनी, हे कुनी केलं?”

मी परातीची कड घट्ट धरली.

“खाली खड्डं हायेत आन् मला दिसत न्हाईत. बैल पायानं बगतो. मोटारीला माझेच डोळे हायेत.”

मागं जाता येत नव्हतं. दोन्ही बाजूंना खडीचे ढीग, वळायला जागा नाही, आणि उलटं न्यायचं म्हणजे नाला पुन्हा, तोही पाठमोरा. हे म्हणाले, पाचट ओढून काढू. भावजींनी मान हलवली. दाताळ्यानं ओढलं तर खडीही ओढली जाईल, चुनाही जाईल, आणि मैलभर ओढेपर्यंत दुपार होईल. तेवढ्यात विजू बारीक आवाजात म्हणाली, “आई, ओटीपोटात ओढल्यासारखं होतंय.”

चांगुणाही असंच म्हणाली होती, याच नाल्याच्या काठी.

पलीकडून राहीबाई आणि तिच्या टोळीतल्या बायका धावत येत होत्या, हसत, काहीतरी चांगलं केल्याच्या आनंदात. मोटार उभी बघून त्यांची पावलं मंदावली. त्यांच्या मागं लांबवर कोप्यांच्या नुसत्या काठ्या उभ्या होत्या. आपली छपरं काढून त्यांनी रस्त्यावर अंथरली होती. भावजींनी ते बघितलं. त्यांना रागवायचं होतं, ते मला दिसलं, पण त्या काठ्या बघितल्यावर ते रागावू शकले नाहीत.

मी परात ह्यांच्या हातात दिली आणि खाली उतरले. म्हटलं, “भावजी, बैल पायानं बघतो ना? मग मी बघते. मी अनवाणीच आहे.”

राहीबाईला समजायला वेळ लागला नाही. तिनंही वहाणा काढून फेकल्या. ती डावा पट्टा, मी उजवा. पावलापुढं पाऊल, टाच टेकवून, बोटं दाबून. पाऊल खाली गेलं की हात वर करायचा, आणि जेवढा खड्डा तेवढा वेळ हात वरच ठेवायचा. मागून भावजी मोटार माणसाच्या चालीनं आणणार. आमच्या टाचांमागं तीन हातांवर ते मोठं काळं नाक येत होतं आणि त्याचा गरम श्वास पोटऱ्यांना लागत होता.

पाचट मऊ म्हणतात ते निजायला. चालताना त्याची पात ब्लेडसारखी लागते, आणि खालून खडी. पण दुखण्याकडं लक्ष नव्हतं. पायाच्या तळव्यातच माझा सगळा जीव आला होता. पहिला खड्डा राहीबाईला लागला, तिचा हात वर गेला, मोटार वळली. दुसरा मला. तिसरा, चौथा दोघींना एकदमच. मी मोजत होते. तेवीस म्हणाले होते भावजी. मागून विजूचा आवाज येतो का, याकडं एक कान होता. येत नव्हता, त्याचीही भीती वाटत होती.

चौदाव्यानंतर माझी चूक झाली. मागं काहीतरी बोलल्यासारखं वाटलं आणि मी मान वळवली. एकच पाऊल, नुसतं टाकलं, चाचपलं नाही. पुढच्या पावलाला कळलं की मागं राहिलं ते खोल होतं. हात वर करेपर्यंत उजवं चाक त्यात उतरलं होतं.

मी बघितलं. मोटारीचा तो कोपरा खाली गेला, खूप खाली, दिवा पाचटाला टेकेल इतका. मग वर आला. आणि मी वाट बघत राहिले, आता पुन्हा खाली जाईल, पुन्हा वर येईल, आता ते ठाणकन वाजेल. वर येऊन मोटार थांबली. हललीच नाही. जड ताकात रवी थांबते तशी.

आतून ह्यांचा आवाज आला, “सांडलं न्हाई. चाल पुढं.”

मी चालले. सोळा, सतरा. बाविसाव्याला मला रडू फुटलं, पण हात बरोबर वर गेला. तेविसावा राहीबाईच्या पट्ट्यात होता, कोप्यांच्या काठ्यांच्या अगदी समोर. तिथं पाचट संपलं. पुढं राहिलेली वाट बरी होती, आणि मग राहुरीच्या अलीकडं काळी डांबरी सडक. मोटारीत चढताना राहीबाईनं माझा पदर धरला. मी तिच्या पायांकडं बघितलं, तिनं माझ्या.

नगरच्या दवाखान्याच्या दारात भावजींनी मोटार थांबवली आणि आधी मागं येऊन तांब्यात बोटं बुडवली. दोन बोटं पाणी कमी झालं होतं. मग त्यांनी विडी काढली. ह्यांनी पेटवून दिली. विजूला आत नेलं. रक्त आलं नव्हतं.

दवाखान्यात आम्ही महिनाभर राहिलो. वैशाखात एक दिवस कळा येतील असं वाटताच त्यांनी तिला पोटावाटे सोडवली. मुलगी झाली, चिमणीएवढी, पण रडली मोठ्यानं. रक्त लागलं ते जावयांनी दिलं.

मधल्या काळात वाडीत काय घडलं ते मला नंतर लंकाबाईकडून कळलं. नगरहून परतताच भावजींनी आपल्या टपरीची ताडपत्री सोडली आणि राहीबाईच्या कोप्यांवर नेऊन बांधली. पुरली नाही तेव्हा फोर्डाच्या टपावरचं कापडही फाडलं. महिनाभर ते उघड्या उन्हात खड्ड्यात बसून काम करत होते. लंकाबाई मला म्हणाली, “बाळंतीन तुमची, छप्पर आमचं गेलं.” मी मान खाली घातली. मग तीच हसली आणि लाडवासाठी डिंक देऊन गेली.

मी भावजींना खरं सांगितलं ते दवाखान्याच्या ओसरीवर, ते एकदा भाकरी घेऊन आले होते तेव्हा. पाचट अंथरायला मीच सांगितलं होतं, आणि तुम्हाला सांगितलं नव्हतं. त्यांनी डब्याचं फडकं सोडता सोडता उत्तर दिलं, “ठावं हाय. राहीबाईनं त्याच दिशी सांगितलं. मीबी कुटं तिला चुन्याचं सांगितलं हुतं? तिच्याच दारावरनं चुना टाकत गेल्तो.” आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

ज्येष्ठात आम्ही विजूला आणि बाळाला घरी आणलं. तीच ब्युइक, तेच भावजी. आता रूळ फिरला होता, मुरूम पडला होता, खडी दबून गेली होती. पोरगी टोपड्यात झोपलेली. मी दवाखान्याच्या नळावर तांब्या घासून कापडात बांधायला लागले, तर भावजी म्हणाले, भरून घ्या. मी म्हटलं, आता कशाला, रस्ता झालाय की. ते मोटारीचं दार धरून उभेच राहिले. मी तांब्या काठोकाठ भरून परातीत ठेवला.

वाडीपर्यंत त्यांनी तीच चाल ठेवली, माणसाच्या पायाची. नाल्याजवळ तर दोनदा थांबून मागं वळून बघितलं. पोरं मागून ओरडत होती, मोटार आली का बैल आला. दारात मोटार उभी राहिल्यावर मी सांगितलं, थेंबही गेला नाही. त्यांचा विश्वास बसेना. उतरून आले, वाकले, तांब्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि परात कोरडी आहे ना, ते तळहातानं चाचपून बघितलं.

आमच्याकडं बाळंतीण घरात घेताना भाकरतुकडा ओवाळून टाकतात आणि पायांवर पाणी घालतात. घरातून पाणी आणायला आमची सून निघाली होती. मी तिला थांबवलं आणि परातीतला तो तांब्या उचलला. अर्धा विजूच्या पायांवर ओतला. उरलेला भावजींच्या पायांवर ओतायला गेले तर ते मागं सरकले, म्हणाले, वहिनी, मी काय बाळंतीन हाय का. मी ऐकलं नाही. ओतला. मग देवापुढं गेले आणि पंचमीपासून कोनाड्यात ठेवलेल्या वहाणा खाली काढल्या.